सर्दी, फ्लू आणि सफेतील शेजाऱ्याचा हक्क





पावसाळा सुरू झाला की आपल्या घरांत, मदरशांत आणि मशिदींत खोकल्याचे आवाज वाढू लागतात. थंडीच्या दिवसांत त्यांची पुन्हा एकदा फेरी येते. आपल्या देशात फ्लूचे हंगाम साधारणपणे दोन असतात, एक पावसाळ्यातील आणि दुसरा जानेवारी ते मार्च या महिन्यांतील. आपण मात्र ‘हवा बदलली आहे’ असे म्हणून हा विषय तेथेच संपवतो. वास्तविक अंगावरच्या साध्या दुखण्याविषयीही इस्लामने आपल्याला काही शिकवण दिली आहे. त्या शिकवणीचा मोठा भाग स्वतःच्या बरे होण्याविषयी नसून शेजाऱ्याला अपाय न होऊ देण्याविषयी आहे. आज तिच्याकडे लक्ष वेधायचे आहे.

शिंकेपासून सुरुवात

शिंक आल्यावर ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणावे आणि ऐकणाऱ्याने ‘यर्हमुकल्लाह’ म्हणून त्याच्यासाठी कृपेची प्रार्थना करावी, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. परंतु याच प्रकरणातील एक हदीस आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. आदरणीय सलमा बिन अकवअ (र.) यांनी कथन केले आहे की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याजवळ बसलेल्या एका माणसाला शिंक आली. प्रेषितांनी (स.) त्याला ‘यर्हमुकल्लाह’ म्हटले. त्याला शिंका येतच राहिल्या, तेव्हा या माणसाला पडसे झाले आहे, असे त्यांनी सांगितले. आदरणीय अबू हुरैरा (र.) यांच्याकडून आलेल्या एका कथनाचाही आशय हाच आहे. तीन शिंकांपर्यंत उत्तर द्यावे, त्यापुढे ते पडसे समजावे.

या छोट्याशा प्रसंगात केवढा बोध आहे! प्रेषितांनी (स.) निरोगी शिंक आणि आजाराची शिंक यांत फरक केला. आजाराला आजार म्हणणे म्हणजे तक्रार करणे नव्हे, तसेच तो ईमानाचा कमकुवतपणाही नव्हे. आपल्या शरीरात काय चालले आहे हे ओळखणे आणि ते स्पष्ट शब्दांत सांगणे ही सुन्नतमधूनच मिळणारी शिकवण आहे.

आणखी एक गोष्ट. प्रेषितांना (स.) शिंक येई तेव्हा ते हाताने अथवा वस्त्राने चेहरा झाकून घेत आणि आवाज दबका ठेवत, असे अबू हुरैरा (र.) यांनीच सांगितले आहे. सूक्ष्म जंतूंचा शोध लागण्याच्या हजाराहून अधिक वर्षांपूर्वीची ही सवय आहे. आज आपण मोबाईलवर आरोग्याचे शेकडो संदेश वाचतो, आणि तरी भर सफेत तोंड उघडे ठेवून खोकतो.

एका जुम्याची गोष्ट

हे लिहिणाराही त्या दोषातून सुटलेला नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी गुरुवारी मला अचानक हुडहुडी भरून आली. ताप चढला, अंग मोडून आले. शुक्रवारी सकाळी तापाची गोळी घेतली, घाम आला, बरे वाटले. जुमा चुकवायचा नाही, या विचाराने मी मशिदीत गेलो. सफेत माझ्या शेजारी वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना मधुमेह होता. खुतबा चालू असताना मी खोकत होतो आणि नमाजनंतर नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी त्यांच्याशी मुसाफहाही केला. चार दिवसांनी ते तापाने अंथरुणाला खिळल्याचे कळले. पुढे न्यूमोनिया झाला आणि त्यांना पंधरा दिवस रुग्णालयात राहावे लागले. अल्लाहच्या कृपेने ते वाचले, पण त्यानंतर मशिदीच्या पायऱ्या चढण्याची ताकद त्यांच्यात उरली नाही.

तो आजार त्यांना माझ्याकडूनच लागला, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. पण माझ्याकडून लागलाच नाही, असेही मी शपथेवर सांगू शकत नाही. मी एक जुमा चुकू नये म्हणून गेलो आणि कदाचित एका श्रद्धावंताचे पुढचे सारे जुमे चुकले. त्या दिवशी मला सर्दी आणि फ्लू यांतील फरक ठाऊक असता आणि आजारी माणसाला शरीअतने दिलेली सवलत मी मनापासून स्वीकारली असती, तर मी घरीच जोहर अदा केली असती. म्हणून प्रथम हा फरक समजून घेऊ.

पडसे कोणते आणि फ्लू कोणता?

साधे पडसे पावलापावलाने येते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहू लागते, शिंका येतात, नाक चोंदते, थोडा खोकला होतो. मोठ्या माणसाला ताप बहुधा येत नाही. आला तरी कणकण असते एवढेच. माणूस त्रासलेला असतो, पण आपली कामे करू शकतो. दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे असे पडसे होऊ शकते. साधारण आठवडा-दहा दिवसांत ते आपोआप बरे होते.

फ्लू हा इन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूचा आजार आहे. तो चालत येत नाही, झडप घालतो. सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणावर असतो. थंडी वाजून चांगलाच ताप येतो, डोके ठणकते, सांधे आणि स्नायू दुखतात, कोरडा खोकला येतो आणि उठून पाणी घेण्याचेही त्राण राहत नाही. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, परंतु खोकला आणि थकवा दोन-दोन आठवडे रेंगाळू शकतात. मुलांना यासोबत उलट्या-जुलाबही होतात. वृद्धांमध्ये कधी कधी ताप फारसा दिसत नाही, फक्त गळून जाणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे दिसते.

थोडक्यात, नाक आणि घशापुरते राहते ते बहुधा पडसे आणि सारे अंग एकाएकी कवेत घेतो तो बहुधा फ्लू. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कोविडची लक्षणेही अशीच असतात, आणि केवळ लक्षणांवरून फ्लू व कोविड खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी तपासणीच लागते. सौम्य फ्लू पडशासारखाही दिसू शकतो. म्हणून शंका असेल तेव्हा आपला आजार मोठा समजून इतरांना जपावे.

फ्लूला हलके समजू नये. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर कामाला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडू लागले. तेथून हा आजार शहरभर आणि मग रेल्वेच्या मार्गांनी देशभर पसरला. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी आपल्या पुण्यातच गेला. दोन्ही साथी इन्फ्लुएन्झाच्याच होत्या.

‘संसर्ग नाही’ या वचनाचा अर्थ

येथे एखादा बंधू म्हणेल, “प्रेषितांनी (स.) तर संसर्ग नाकारला आहे, मग ही एवढी खबरदारी कशासाठी?” या प्रश्नाचे उत्तर हदीसमध्येच आहे.

प्रेषितांनी (स.) हे सांगितले तेव्हा एका ग्रामीण अरबाने विचारले की वाळूत हरणांसारखे धष्टपुष्ट फिरणारे माझे उंट एखादा खरजेला उंट त्यांच्यात मिसळला की सगळेच खरजेले होतात, ते कसे? त्यावर प्रेषितांनी (स.) उलट विचारले की मग पहिल्या उंटाला ती कोणी लावली? या प्रश्नाने त्यांनी अज्ञानकाळातील एक समजूत मोडून काढली. रोगाला स्वतःची अशी स्वतंत्र सत्ता आहे आणि तो अल्लाहच्या इच्छेवाचून मनाला येईल त्याला धरतो, ही ती समजूत होती. परंतु याच अबू हुरैरा (र.) यांनी दुसरी हदीसही कथन केली आहे. आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांच्या मालकाकडे आणू नयेत, अशी तीत मनाई आहे.

दोन्ही वचने एकत्र वाचा. पहिले वचन श्रद्धा सरळ करते, दुसरे वागणूक सरळ करते. रोग देणारा आणि बरे करणारा अल्लाहच आहे. तरीही त्यानेच निर्माण केलेली कारणे ओळखून वागणे आपल्यावर बंधनकारक आहे. उंटांच्या बाबतीत जी खबरदारी सांगितली गेली, ती सफेत उभ्या असलेल्या श्रद्धावंताच्या बाबतीत कमी असेल काय?

आदरणीय उमर (र.) यांचा निर्णय

हिजरी सन १८ च्या सुमाराची गोष्ट. आदरणीय उमर (र.) शामदेशाकडे निघाले होते. सरग नावाच्या ठिकाणी पोहोचल्यावर शाममध्ये प्लेगची साथ पसरल्याची वार्ता मिळाली. त्यांनी आधी मुहाजिरांशी, नंतर अन्सारांशी सल्लामसलत केली. दोन्हींत मतभेद झाले. मग त्यांनी कुरैशच्या ज्येष्ठांना बोलावले. त्या सर्वांनी एकमताने परतण्याचा सल्ला दिला आणि उमर (र.) यांनी परतण्याची घोषणा केली.

आदरणीय अबू उबैदा (र.) यांनी त्यांना विचारले की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात काय? उमर (र.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. त्यांनी उदाहरण दिले. तुमचे उंट एखाद्या दरीत उतरले आणि तिची एक बाजू हिरवीगार तर दुसरी उजाड असली, तर हिरव्या बाजूला चारले तरी ती अल्लाहची तकदीर आणि उजाड बाजूला चारले तरी ती अल्लाहचीच तकदीर. इतक्यात आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (र.) आले. जेथे साथ असेल तेथे जाऊ नये आणि आपण असू तेथे ती पसरली तर तेथून पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली. उमर (र.) यांनी अल्लाहची स्तुती केली आणि ते माघारी फिरले.

‘व्हायचे ते होणारच’ असे म्हणून तोंडावर रुमाल न धरणारा स्वतःला तवक्कुल करणारा समजतो. पण उमर (र.) यांच्यापेक्षा त्याचा तवक्कुल मोठा आहे काय? या शिकवणीचा दुसरा अर्धाही तितकाच महत्त्वाचा आहे. साथीच्या गावातून बाहेर न पडण्याच्या आदेशात दुसऱ्या गावांच्या माणसांचेही संरक्षण आहे. आपण आजारी असताना घरी थांबणे हे त्याच आदेशाचे छोटे रूप आहे.

जमात सोडण्याचे दुःख

जमातीची ओढ असलेल्या माणसाला घरी थांबणे जड जाते, आणि ते जड जावे हेच योग्य. परंतु शरीअतने आजारी माणसाला जुम्याच्या बंधनातून मोकळे केले आहे. त्याने घरी जोहरची नमाज अदा करावी. आदरणीय इब्ने अब्बास (र.) यांनी तर एका पावसाळी जुम्याला अजानमध्येच लोकांना घरी नमाज पढण्याची सूचना द्यायला मुअज्जिनला सांगितले होते. लोकांना आश्चर्य वाटले, तेव्हा माझ्याहून श्रेष्ठ व्यक्तीने म्हणजे प्रेषितांनी (स.) असेच केले आहे, हे त्यांनी समजावले. लोकांना चिखलातून यावे लागू नये म्हणून एवढी काळजी! कच्चा कांदा व लसूण खाऊन मशिदीत येण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली होती, कारण दुर्गंधीने शेजाऱ्याला त्रास होतो. मग ज्याच्या खोकल्यातून शेजाऱ्याचा जीव धोक्यात येऊ शकतो, त्याचे काय?

मोबदला बुडेल ही भीतीही मनातून काढून टाका. आदरणीय अबू मूसा अशअरी (र.) यांच्या कथनानुसार माणूस आजारी पडला अथवा प्रवासात असला, तर निरोगी असताना व घरी असताना तो जे सत्कर्म करीत असे त्याची नोंद त्याच्या नावे होत राहते. नेहमी जमातीत येणाऱ्याने शेजाऱ्याच्या हितासाठी चार दिवस घरी काढले, तर अल्लाहच्या दरबारी त्याची जागा रिकामी राहत नाही, अशी आशा आपण बाळगावी.

काय करावे?

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो. लहान मुले त्याहून जास्त दिवस. पहिले तीन-चार दिवस सर्वाधिक धोक्याचे. म्हणून तापाची गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, त्यानंतरच मशिदीत, कामावर किंवा शाळेत जावे. गोळीने उतरलेला ताप म्हणजे गेलेला ताप नव्हे. माझी चूक नेमकी येथेच झाली होती.

साधे पडसे असेल आणि बाहेर जाणे टळत नसेल, तर मास्क लावावा. एरवी नमाजमध्ये तोंड झाकणे नापसंत असले तरी गरजेपोटी त्यास उलेमांनी परवानगी दिली आहे. खोकताना रुमाल किंवा बाहीचा कोपरा धरावा. तळहातावर खोकला असाल तर हात धुतल्याशिवाय मुसाफहा करू नये. त्या दिवसांत तोंडाने सलाम पुरेसा आहे. समोरच्याने हात पुढे केला नाही तर राग धरू नये. तो तुम्हाला जपत असतो.

वुजूमुळे दिवसातून अनेकदा हात आणि नाक स्वच्छ होते, ही अल्लाहची मोठी देणगी आहे. परंतु आजाराच्या दिवसांत साबण लावून वीस सेकंद हात धुण्याची जोड तिला द्यावी. वुजूखान्यातील सार्वजनिक टॉवेल आणि पाण्याच्या टाकीवरचा साखळीचा पेला वापरू नये. मशिदीच्या विश्वस्तांनी नमाजच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नळाजवळ साबण ठेवावा. ‘ज्यांना ताप-खोकला आहे त्यांनी घरी नमाज अदा करावी’ एवढे एक वाक्य इमामसाहेबांनी जुम्याला सांगितले, तर संकोचामुळे येणारे अनेकजण निश्चिंतपणे घरी थांबतील.

घरात रुग्णाची खोली, निदान अंथरूण, वेगळे करावे. त्याचा पेला आणि टॉवेल वेगळा असावा. एकाच थाळीत जेवण्याची आपली सुंदर रीत त्या दिवसांपुरती थांबवावी. नवजात बाळाला आणि आजी-आजोबांना रुग्णापासून दूर ठेवावे. अकीक्याला आलेल्या पाहुण्यांना बाळाचे मुके घेऊ देऊ नयेत. बाळाच्या आईला फ्लू झाला तर तिने दूध पाजणे थांबवू नये. हात धुऊन, मास्क लावून पाजावे.

आजाऱ्याची विचारपूस हा त्याचा आपल्यावरील हक्क आहे. तो फोनवरूनही पार पाडता येतो. दारात जेवणाचा डबा ठेवणे आणि औषध आणून देणे हीदेखील विचारपूसच आहे. घराघरांतून दहा-दहा माणसांनी खाटेभोवती बसण्यापेक्षा ती अधिक उपयोगी ठरते.

उपचार आणि धोक्याची चिन्हे

उपचार घ्यावेत काय, असे ग्रामीण अरबांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) घेण्यास सांगितले होते. पडसे आणि फ्लू विषाणूंचे आजार असल्याने अँटिबायोटिक त्यांच्यावर चालत नाही. दुकानातून परस्पर आणून ते घेऊ नये. विश्रांती, भरपूर पाणी, गरम पेज, तापासाठी पॅरासिटामॉल एवढे बहुतेकांना पुरते. आदरणीय आयेशा (र.) आजाऱ्यासाठी सातूची तलबीना सुचवीत असत, ती आजही हलकी आणि पोषक आहे. मधाने खोकल्याला आराम पडतो, पण एक वर्षाखालील बाळाला मध कधीही चाटवू नये. ताप असलेल्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

पासष्ट वर्षांवरील माणसे, पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांना फ्लूची शंका येताच डॉक्टरांकडे न्यावे. फ्लूवरील औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक गुण देते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, भ्रम होणे, लघवी अगदी कमी होणे, मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाणे, झटके येणे, किंवा बरा झालेला ताप-खोकला पुन्हा जोराने उलटणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

पडशावर लस नाही, फ्लूवर आहे. विषाणू रूप बदलत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचे संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. घरात वृद्ध किंवा मधुमेही असतील, कोणी हज-उमराहला निघणार असेल, तर डॉक्टरांशी वेळेत बोलावे.

शेवटी, आजारी बंधू-भगिनींसाठी एक शब्द. आदरणीय उम्मे साइब (र.) तापाने थरथरत तापाला दूषणे देत होत्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले. भाता जसा लोखंडावरील मळ काढतो तसा ताप पापे काढून टाकतो, असे त्यांनी समजावले. म्हणून तापाला शिव्या देऊ नका, पण तो दुसऱ्याच्या घरी पोहोचवूही नका. संयमाचा मोबदला तुमचा, आणि ज्याला तुम्ही जपले त्याची दुआही तुमची.

हे अल्लाह, आमच्या आजाऱ्यांना आरोग्य दे. आमच्या अजाणतेपणी ज्यांना आमच्याकडून अपाय झाला असेल, त्यांच्या बाबतीत आम्हाला क्षमा कर आणि त्यांना उत्तम मोबदला दे. आमच्या हातापासून, जिभेपासून आणि श्वासापासून आमचे शेजारी सुरक्षित राहतील, असे आम्हाला बनव. आमीन.